बसलेल्या मुलाचं हवामान

चौथीतलं मूल बसकरावर मांडी घालून बसलं की त्याचं नाक जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर असतं. शिकवणारा उभा असतो, त्याचं नाक पाच फुटांवर. मधल्या तीन फुटांत काय असतं, हा प्रश्न मला नोकरीच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांत एकदाही पडला नव्हता. पडला तो फेब्रुवारीअखेरच्या एका सकाळी, आणि तेव्हा उशीर झाला होता.

बारामती तालुक्यातल्या एका शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत होतो. त्या दिवशी पाहुणे यायचे होते. वेळ साडेनऊची दिली होती, पण अकरा वाजून गेले तरी गाडीचा पत्ता नव्हता. मुलांना पटांगणात उघड्या मुरमावर रांगेनं बसवलं होतं आणि आम्ही शिक्षक व्हरांड्याच्या कडेला उभे होतो. कोणीतरी म्हणालं, "अजून ऊन कुठं तापलंय, बसू द्या." मलाही तेच वाटत होतं, कारण माझ्या अंगाला वारा लागत होता. तेवढ्यात तिसरीच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीच्या खांद्यावर कलंडली. तिला उचलून वर्गात नेलं, तोंडावर पाणी मारलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत ती सावरली. संध्याकाळी तिच्या घरी गेलो. आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "खाली लई धग मारती ओ गुरुजी. आमी खुरपायला बसतो, आमाला ठावं हाय. उभ्या माणसाला न्हाई कळायचं."

मी पदवीला भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण हे सगळं फळ्यावर काढून दाखवणारा. आणि माझ्याच पटांगणातली गोष्ट मला खुरपणाऱ्या बाईकडून कळली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचा मुख्य विषय हवा आणि हवामान हा होता, आणि २०१५ मध्येही तोच राहिला. शाळांकडून प्रकल्प मागवले होते. सातवीतली पाच मुलं मिळाली आणि आम्ही वहीच्या पहिल्या पानावर प्रश्न लिहिला: आपल्या शाळेच्या आवारात किती हवामानं आहेत? मुख्याध्यापकांना प्रश्न चुकीचा वाटला. ते म्हणाले, "गावाचं हवामान एकच असतं ना?" मी म्हटलं, मोजून सांगतो.

प्रयोगशाळेत अल्कोहोलचे सहा तापमापक होते. पहिल्याच दिवशी एका मुलानं त्यातला एक कुंपणाच्या तारेला उन्हात टांगला, एकोणपन्नासचा आकडा वाचला आणि ओरडत आला. तो आकडा हवेचा नव्हता. उन्हात टांगलेला तापमापक स्वतः तापतो आणि स्वतःचंच तापमान सांगतो. हवा मोजायची तर त्याला सावली हवी आणि वाराही हवा. म्हणूनच वेधशाळांमध्ये झडपांची पांढरी पेटी असते. ती पेटी स्कॉटलंडच्या टॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात तयार केली. ते दीपगृहं बांधणारे अभियंते होते, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे स्टीव्हन्सन त्यांचे चिरंजीव. आमच्याकडे पेटीला पैसे नव्हते. मुलांनी फळांच्या लाकडी खोक्यांना पांढरा रंग दिला आणि हलवायच्या तापमापकांवर चहाचे पांढरे कागदी पेले उपडे घातले, एकावर एक दोन, मध्ये बोटभर फट ठेवून.

दुसरी अडचण एका मुलीनं शोधली. सहाही तापमापक तिनं एकाच बादलीत बुडवले आणि सहा आकडे लिहून आणले. सहाही वेगळे. सगळ्यात मोठा फरक दोन अंशांचा. मग प्रत्येकाच्या डोक्याला चिकटपट्टी लावून नंबर घातला आणि वहीत त्याची खोड लिहिली: "तीन नंबर दीड जास्त बोलतो. पाच नंबर अर्धा कमी." पुढची सगळी वर्षं मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्या दिवशी बादलीच देतो. उपकरणालाही खोड असते आणि ती वजा करावी लागते, हे बाराव्या वर्षी कळलेलं मूल पुढे कुठलाही छापील आकडा तपासल्याशिवाय मान्य करत नाही.

त्यानंतर आम्ही बांबू रोवला. पटांगणाच्या मधोमध, ती मुलगी बसली होती त्याच जागी. बांबूवर तीन तापमापक बांधले: एक वीतभर उंचीवर, एक दोन फुटांवर आणि एक चार फुटांवर. चार फूट ही आपल्या वेधशाळांच्या पेटीची साधारण उंची. बातम्यांत सांगतात ते तापमान तिथलं, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचं. मार्चमध्ये आठ दिवस, रोज दुपारी साडेबारा ते दीड, दर पंधरा मिनिटांनी नोंद. खोडी वजा करून पाहिलं तर चार फुटांपेक्षा वीतभरावर दोन-अडीच अंश जास्त होते, आणि वारा पडला की याहूनही जास्त. दोन फुटांवरचा आकडा मधला. मुरमात अर्धा इंच रुतवलेला तापमापक तर मार्चअखेरीला पन्नाशीच्या पुढे गेला. बसलेल्या मुलाला खालून ही जमीन भाजते, वरून सूर्य भाजतो आणि उभ्याला मिळतो तेवढा वाराही त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण जमिनीच्या घर्षणानं वारा खालच्या थरात मंदावतो. आजीचं वाक्य तिन्ही बाजूंनी खरं ठरलं.

आपण काहीतरी नवीन शोधल्याचा आनंद मुलांना झाला होता. मी तो मोडला नाही, पण पुस्तकं चाळताना मला कळलं की हे काम आपल्या जिल्ह्यातच ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालेलं होतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. तिथं १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली शेतीच्या हवामानाचं काम सुरू झालं. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. जर्मनीत रुडॉल्फ गायगर यांनी १९२७ मध्ये जमिनीलगतच्या हवेच्या थरावर पुस्तक लिहिलं होतं. रामदास आणि त्यांचे सहकारी तेच कुतूहल घेऊन पुण्याच्या शेतांत उतरले. कळमकर आणि गद्रे ही मराठी नावं त्यांच्या सहकाऱ्यांत आहेत. उभ्या पिकात, बांधावर, उघड्या रानात वेगवेगळ्या उंचीवर हवा कशी वागते ते त्यांनी मोजलं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "म्हणजे पेपरात येतंय ते तापमान आपलं न्हाईच?" मी म्हटलं, आपल्या परिसराचं आहे, आपल्या बसायच्या जागेचं नाही.

मग बांबू फिरायला लागला. आमची शाळा नीरा डाव्या कालव्याच्या काठावर होती. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर हा कालवा खोदला गेला, १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं, आणि बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांचे जणू दोन देश झाले. कालव्याच्या खाली, नीरा नदीच्या अंगाला बागायत: ऊस, केळी, गूळ, कारखाने. कालव्याच्या वर, सुपे-मोरगावच्या अंगाला जिरायत: माळ, गवत, चिंकारा. महाबळेश्वर इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, पण तिथं पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमच्या वाट्याला त्याचा साधारण दहावा हिस्सा येतो. आमच्या शाळेच्या दक्षिणेच्या कुंपणापलीकडे ऊस होता आणि उत्तरेच्या कुंपणापलीकडे उघडा माळ. दोन्ही कुंपणांत दोनशे पावलांचं अंतर. दुपारी दोन वाजता मुलं दोन्हीकडे एकाच वेळी उभी राहायची आणि शिट्टी वाजली की वाचायची. माळाकडे कोरडं, उसाकडे दमट आणि दीड-दोन अंशांनी उतरलेलं. कालव्याला आवर्तन असलं की दमटपणा आणखी वाढायचा. वहीत "आज कालव्याला पाणी आहे" अशी नोंद मी सांगितली नव्हती, मुलांनी आपणहून सुरू केली.

आणखी एक नोंद मी कधीच विसरणार नाही. शाळेच्या पश्चिमेलाही एका शेतकऱ्याचा ऊस होता. फेब्रुवारीच्या शेवटी तोड आली. दोन दिवसांत दहा-अकरा फुटांची ती हिरवी भिंत नाहीशी झाली. मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. तो इतके दिवस उसातून गाळून येत होता, आता रिकाम्या, पाचट पेटवलेल्या काळ्या रानावरून धूळ घेऊन सरळ पाचवीच्या वर्गात शिरायला लागला. त्या आठवड्यात पाचवीच्या वर्गातलं दुपारचं तापमान आधीच्या आठवड्यापेक्षा तीन अंशांनी वर गेलं. त्यातला काही भाग ऋतूचा होता, कारण बाकीचे वर्गही अंशभर चढले होते. उरलेला भाग तोडलेल्या उसाचा. वहीत त्या तारखेसमोर एवढंच आहे: "ऊस तुटला." वर्गाच्या हवेचा मालक शेजारचा शेतकरी असू शकतो, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

ऊसतोडीबरोबर कोप्या येतात. बांबूच्या कामट्या, वर चटई, चटईवर ताडपत्री, कमरेत वाकून आत शिरायचं. बीडकडच्या एका कुटुंबातली एक मुलगी त्या हंगामात आमच्या शाळेत बसत होती. चार महिन्यांची पाहुणी, म्हणून तिला कोणत्याच गटात घेतलं नव्हतं. ती चूक माझी. तिनंच एके दिवशी येऊन विचारलं, "सर, माझ्या कोपीचं मोजू का?" काचेचा तापमापक घरी द्यायला जीव होईना, पण दिला. पाच नंबरचा, अर्धा अंश कमी बोलणारा. तिनं तो कोपीच्या मधल्या बांबूला, झोपल्यावर आपलं डोकं जिथं येतं त्या उंचीला बांधला. म्हणजे जमिनीपासून वीतभर. पटांगणातल्या बांबूनं आम्ही फक्त बसलेल्या मुलापर्यंत आलो होतो. ती झोपलेल्या मुलापर्यंत गेली.

आई-बाप पहाटे चारला तोडीला निघायचे, तेव्हा ती उठून विजेरीच्या उजेडात आकडा वाचायची. मग बाहेर येऊन तोच तापमापक दाराशी धरायची आणि दुसरा आकडा लिहायची. जानेवारीतल्या नऊ पहाटांच्या नोंदी माझ्याकडे अजून आहेत. आत आणि बाहेर यांत कुठेही एक अंशाहून जास्त फरक नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलंय: "आत बाहेर सारखंच. फक्त वारा नाही." मार्चमधल्या एका रविवारी दुपारचे आकडे आहेत, आणि ते आमच्या पत्र्याच्या खोलीपेक्षाही वरचे आहेत. तिथे शेरा आहे: "धाकट्याला बाहेर बाभळीखाली नेलं."

ती वही घेऊन मी जमिनीच्या मालकाकडे गेलो. त्यांनी आकडे शांतपणे पाहिले. पुढच्या हंगामात कोप्या उघड्या रानात पडल्या नाहीत, बाभळीच्या ओळीच्या पूर्वेला पडल्या, म्हणजे दुपारनंतर सावली मिळाली. ताडपत्रीवर उसाच्या वाढ्यांचा जाड थरही टाकला होता. ते कुटुंब मात्र त्या वर्षी आमच्याकडे आलं नाही. दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या टोळीत गेलं म्हणतात. त्या मुलीचे आकडे वापरून दुसऱ्यांच्या मुलांना सावली मिळाली.

झाडांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण झाडं लावा हे सगळेच सांगतात. कोणतं झाड, एवढंच सांगतो. आमच्या आवारात गुलमोहर सहा होते, कडुनिंब दोन आणि चिंच एक. गुलमोहर मार्च-एप्रिलमध्ये बोडका असतो, नेमकं परीक्षांच्या दिवसांत. अलीकडे वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत जातात, तेव्हा हे महत्त्वाचं. कडुनिंब पानं गाळतो ती लवकर, आणि एप्रिलपर्यंत नवी पालवी दाट होते. करंजाचंही तसंच. चिंच तर जवळजवळ कायम सावली धरते. चिंचेखालचा आणि गुलमोहराखालचा एप्रिलमधला फरक कोणालाही तापमापकाशिवाय कळतो, पण झाडं निवडताना लक्षात घेतला जात नाही, कारण रोपवाटिकेतून गुलमोहर सहज मिळतो आणि फुलतो छान. आणि झाड हे प्रत्येक जागेचं उत्तर नाही, हेही सांगायला हवं. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा इंदापुरातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आहे तो उघड्या माळामुळे. तिथं दाट झाडी लावणं म्हणजे त्याचं घर मोडणं.

सावलीच्या बाबतीत सूर्यानं आम्हाला एक धडा दिला. बारामती साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावरून जातो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेला असतो. शाळा जूनमध्ये उघडते. उत्तरेकडचा व्हरांडा थंड, असं आम्ही धरून चाललो होतो आणि पहिलीचा वर्ग तिकडे होता. जूनमध्ये पावसानं ओढ दिली त्या वर्षी दुपारी ऊन थेट त्या व्हरांड्यात उतरलं. हा हिशेब मला पाठ होता, तरी वर्ग बदलायचं सुचलं ते पहिलीच्या बाईंनी दप्तरं आत ओढून घेतली तेव्हा. भर दुपार बाराला नसते, हेही मुलांनी काठीच्या सावलीवरून काढलं. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशाचं आहे, बारामती त्याच्या आठ अंश पश्चिमेला, म्हणून इथं सावली सर्वांत आखूड होते ती साडेबाराच्या आसपास. हवा सर्वांत तापते त्याहून दोन-तीन तासांनी. मधली सुट्टी कुठं काढायची आणि खेळाचा तास कधी ठेवायचा, हे या दोन आकड्यांवरून ठरवता येतं.

नंतर माझी बदली इंदापूर तालुक्यात झाली. तिथली मुलं मला निमगाव केतकीच्या पानमळ्यात घेऊन गेली. विड्याच्या पानांसाठी हे गाव नावाजलेलं आहे. मळ्यात शिरायच्या आधीच हवा बदलते. शेवगा, शेवरी, हादगा, पांगारा यांच्या खोडांवर वेल चढवलेले, वरून त्यांचीच विरळ सावली, भोवती वारा अडवणारी दाट कूड, पायाखाली ओली माती. मळ्याचे आबा म्हणाले, "पानाला वारा खपत न्हाई, ऊन खपत न्हाई, आन् सावलीबी लई झाली तर खपत न्हाई." पावसाळ्यात ढग येतात तेव्हा ते वरच्या फांद्या छाटून उजेड आत घेतात, उन्हाळ्याच्या तोंडाला फांद्या वाढू देतात. मुलांनी मळ्यात आणि मळ्याबाहेर ओला-सुका तापमापक धरला. बाहेर दोन्ही आकड्यांत बारा अंशांचं अंतर होतं, आत पाचाचं, म्हणजे आतली हवा कितीतरी दमट. गायगर आणि रामदास यांनी जे मोजलं ते पानमळेवाले पिढ्यान्पिढ्या घडवत आले होते. एका मुलानं आबांना विचारलं, "शाळेला असली कूड घालता येईल का?" आबांनी शेवरीच्या काटक्या दिल्या. शाळेच्या पश्चिमेच्या तारकुंपणाला आम्ही त्या लावल्या. तिसऱ्या वर्षी त्या डोक्याच्या वर गेल्या आणि पाचवी-सहावीच्या वर्गात धूळ यायची बरीच कमी झाली.

भिगवणजवळ एक मित्र शिक्षक आहे. त्याच्याशी आम्ही दोन हिवाळे फोनवर आकडे अदलाबदल केले. उजनी धरण १९८० मध्ये झालं आणि इंदापूरच्या उत्तर अंगाला भीमेचं पाणी पसरलं. पळसदेवचं जुनं मंदिर त्यात बुडालं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं. पाण्याकाठच्या त्याच्या शाळेत डिसेंबरची पहाट आमच्यापेक्षा दोन अंशांनी उबदार असायची, आणि धुकं त्यांच्याकडे जास्त.

हिवाळ्यातच आम्ही तो प्रयोग केला, ज्याची मला सर्वांत जास्त ओढ होती. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये लिहिलं होतं की निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, तिच्या वर वीत-दोन वितींवर असते. त्या काळच्या जाणकारांना हे पटलं नाही. रात्री जमीन उष्णता आकाशाकडे सोडून थंड होते, म्हणजे जमीनच सर्वांत गार हवी. शिवाय गार हवा वर आणि उबदार खाली हे टिकेलच कसं? मोजण्यातच चूक असेल असं म्हटलं गेलं. पण पुढे अनेकांना तेच दिसलं, आणि १९९० च्या दशकात बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्याचा सिद्धांत मांडला. हवेचा तो थर स्वतःही आकाशाकडे उष्णता सोडतो, हे त्यामागचं मुख्य कारण. पुढच्या अभ्यासांत हवेतल्या बारीक कणांचाही त्यात वाटा असल्याचं दिसलं. आज जगात त्याला 'रामदास थर' म्हणतात.

जानेवारीत दोन आठवडे, पहाटे साडेपाचला, शाळेजवळ राहणारी चार मुलं शाली पांघरून यायची. बांबूवर जमिनीला टेकलेला, वितीवर, दोन फुटांवर आणि चार फुटांवर असे चार तापमापक. बहुतेक दिवशी काहीच धड निघालं नाही. कधी वारा, कधी ढग, कधी आमच्या तापमापकांची खोड फरकापेक्षा मोठी. एका पहाटे मात्र पान हलत नव्हतं. जमिनीवरचा साडेनऊ, वितीवरचा साडेआठ, दोन फुटांवरचा नऊ. खोडी वजा केल्या, तरी वितीवरचा आकडा सर्वांत खाली राहिला. तापमापकांची अदलाबदल करून पुन्हा वाचलं. तेच. एक मुलगा पुटपुटला, "खरं हाय की." बस, एवढंच बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि अंधार होता, ते बरं झालं.

त्याच पहाटे उजाडल्यावर चौथीतल्या एका पोरानं आम्हाला हाक मारली. सगळ्या गवतावर दव होतं, पण कडुनिंबाखाली, फांद्यांच्या पसाऱ्याएवढ्या गोलात, एकही थेंब नव्हता. झाडानं आकाश झाकलं, म्हणून तिथलं गवत आपली उष्णता आकाशाला देऊ शकलं नाही, थंड झालं नाही, दव पडलं नाही. तो गोल त्यानं पायानं आखला. पुस्तकातली दोन पानं त्या गोलात होती.

हा सगळा खटाटोप शाळेपुरता नाही, हे पालकांनी मला दाखवून दिलं. इंदापूर डाळिंबाचा आणि द्राक्षांचा तालुका. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यांवर ठरते. 'महावेध' प्रकल्पात राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली आहेत. "माझ्या बागेत पाऊस झाला, केंद्रावर नाही," ही तक्रार चावडीवर रोज ऐकू येते. पालकसभेत एका बापानं आमची वही मागून घेतली, अर्धा तास वाचली आणि म्हणाला, "शाळेच्या दोन टोकांना एवढा फरक, तर मंडळाच्या दोन टोकांना किती?" केंद्रं हवीतच, पूर्वी तीही नव्हती. पण ती कुठं उभी आहेत, कशाच्या शेजारी आहेत, हे गावानं पाहिलं पाहिजे, विचारलं पाहिजे. माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, उष्णता आणि दुष्काळ पिकांना काय करतात याचा तिथं अभ्यास होतो. पिकाच्या पानाशी किती तापतं हे मोजणारे लोक आपल्या शेजारी आहेत. वर्गातल्या मुलापाशी किती तापतं, ते शाळेनंच मोजायचं आहे.

एका शाळेत आवारभर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं होतं, निधीही आला होता. मुलांनी शेजारच्या आवारातल्या ब्लॉकवर आणि आमच्या मुरमावर दुपारी तापमापक टेकवून आकडे आणले. ब्लॉक दुपारी मुरमाएवढेच तापत होते, पण संध्याकाळी सहाला मुरूम निवला होता आणि ब्लॉक निवले नव्हते. व्यवस्थापन समितीपुढे आकडे ठेवले. ब्लॉक फक्त फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या वाटेवर बसले. उरलेल्या पैशांत पत्र्याच्या खोलीवर पांढरा रंग आणि आत पत्र्याखाली दुसरं छत झालं. सगळीकडे असं जमत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी आकडे दाखवूनही चिंच तोडली गेली. मी तिथं होतो, आणि थांबवू शकलो नाही.

आताच्या शाळेत परिपाठाची जागा वर्षातून दोनदा बदलते, आणि ती मुलं ठरवतात. नोव्हेंबर ते जानेवारी पटांगणाच्या मधोमध, उन्हात. फेब्रुवारी लागला की चिंचेच्या पश्चिमेला, भिंतीलगत, कारण साडेदहाला सावली तिकडे पडते. झेंडावंदनाला अर्थातच ध्वजस्तंभापुढे, पण तेव्हाही पहिली-दुसरीची पोरं खाली मुरमावर बसत नाहीत, उभी असतात किंवा बाकांवर बसतात. पाहुण्यांना उशीर झाला तर मुलं वर्गात परत जातात, असा ठराव व्यवस्थापन समितीनं केला आहे आणि तो कार्यालयात लावलेला आहे.

शिक्षक मित्रहो, तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक तरी तापमापक असेल. येत्या मार्चमध्ये, दुपारी एक वाजता, त्यावर दोन कागदी पेले उपडे घाला, तुमची मुलं जिथं बसतात तिथं खाली बसा, आणि तो जमिनीपासून दोन फुटांवर धरा. पाच मिनिटं थांबा. मग उभे राहून पुन्हा वाचा.